हस्ताचं पाणी, हुरड्याचं दूध

जानेवारीच्या मध्यावर मंगळवेढ्याच्या शिवारात उभं राहावं. नजर पोहोचेल तिथवर ज्वारी. पुरुषभर उंचीची ताटं, दाणा भरत आलेली कणसं, वाऱ्याबरोबर पानांची सळसळ. आसपास विहीर नाही, पाट नाही, मोटारीचा आवाज नाही. शेवटचा दमदार पाऊस होऊन तीन महिने उलटलेत. बांधाकडेला, जिथे औत फिरलेलं नाही, तिथे जमिनीला अशा भेगा पडल्यात की हात घातला तर कोपरापर्यंत आत जातो. आणि त्याच काळ्या रानात, चार पावलं आत, हिरवं पीक डोलतंय. हे दृश्य मी कितीदा पाहिलं असेल, तरी दरवेळी एकच प्रश्न पडतो: ही ज्वारी पिते काय?

ती पिते सप्टेंबरचा पाऊस.

मंगळवेढ्यात काय, सगळ्या सोलापूर जिल्ह्यात पाऊस मुळातच कमी. जूनमध्ये तो तोंड दाखवतो, जुलै-ऑगस्टमध्ये बरेचदा लांब ओढ देतो आणि खरा भरवशाचा येतो तो उत्तरा-हस्ताच्या नक्षत्रांत. म्हणून इथल्या भारी जमिनीचा शेतकरी खरिपात रान मोकळं ठेवतो. कोकणातल्या माणसाला हे उलटंच वाटेल. सगळा पावसाळा जमीन रिकामी, आणि पाऊस निघायची वेळ झाली की पेरणी! सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तिफण चालते आणि तिथून काढणीपर्यंत आभाळातून फारसं काही मिळत नाही. चार महिन्यांच्या प्रवासाची शिदोरी आधीच बांधून घ्यायची, आणि ती बांधायची जमिनीतच.

ही शिदोरी केवढी असते, याचा हिशेब मांडला की थक्क व्हायला होतं. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी. चांगल्या खोल काळ्या जमिनीचा एक मीटर जाडीचा थर पिकाच्या उपयोगी पडेल असं साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरून ठेवतो. म्हणजे एकरी सहा ते आठ लाख लिटर. दहा हजार लिटरचे साठ ते ऐंशी टँकर एका एकराच्या पोटात उभे आहेत, आणि वरून बघणाऱ्याला दिसते फक्त कोरडी ढेकळं.

माती एवढं पाणी धरते कशी? दख्खनच्या काळ्या फत्तराची झीज होऊन ही माती बनली. तिच्यातल्या चिकणमातीच्या कणांना माँटमोरिलोनाइट म्हणतात. हा कण म्हणजे वहीच्या पानांसारख्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांची चवड. पाणी या पापुद्र्यांच्या मधे शिरतं, त्यामुळे माती फुगते. ते निघून गेलं की आक्रसते आणि भेगाळते. हे खनिज शुद्ध रूपात एक ग्रॅम घेतलं आणि त्यातलं पान न् पान उलगडून पसरलं, तर सुमारे ७०० चौरस मीटर जागा व्यापेल. कबड्डीची पाच मैदानं एका चिमटीत! या अफाट पृष्ठभागाला पाण्याचा पातळ थर चिकटून राहतो. मातीतल्या मोठ्या पोकळ्यांतलं पाणी आपल्या वजनाने खाली झिरपतं, पण बारीक पोकळ्यांतलं पाणी पृष्ठताणामुळे जागचं हलत नाही. गुरुत्वाकर्षणाला ते दाद देत नाही, पण मुळाने ओढलं तर त्याच्याकडे येतं.

मात्र ही ओढाताण सोपी नाही. जमीन जसजशी सुकते तसतशी ती उरलेलं पाणी अधिक घट्ट धरते. पीक सुकून मान टाकतं त्या टप्प्याला मातीची पकड साधारण १५ बार असते. मोटारीच्या टायरमधला दाब दोन-सव्वादोन बार असतो, यावरून अंदाज करा. नाजूक पांढरं मूळ टायरच्या सहा-सात पट जोराशी झुंज देऊन थेंब मिळवत असतं. त्यानंतरही मातीत पाणी असतंच, पण ते मातीचं. पिकाच्या वाट्याला ते येत नाही.

शिदोरी बांधायची पहिली पायरी म्हणजे पाणी पळू न देणं. काळ्या जमिनीची एक खोड आहे. कोरडी असताना ती भेगांतून घटाघटा पाणी पिते, पण एकदा फुगून भेगा मिटल्या की तिचं तोंड जवळजवळ बंद होतं आणि जोराचा पाऊस वरच्या वर वाहून जातो. मोठे समतल बांध घालून तो अडवायचा प्रयत्न झाला, पण खोल काळ्या रानात बांधामागे पाणी तुंबायचं, आणि उन्हाळ्यात बांधालाच भेगा पडून तो पुढच्या पावसात फुटायचा. म्हणून इथे छोट्या वाफ्यांची युक्ती जास्त चालली. पेरणीपूर्वीच सारा यंत्राने साधारण ६ मीटर लांब आणि २ मीटर रुंद असे वाफे पाडायचे. मग पाऊस एकदम धावत नाही; हजारो उथळ ताटल्यांत तो जागच्या जागी थांबतो आणि सावकाश मुरतो.

पाणी मुरलं की वाट बघायची वाफशाची. वाफसा हा शब्द मला फार देखणा वाटतो. जमीन ओली आहे पण चिखल नाही, मोकळी आहे पण कोरडी नाही, मातीत पाणीही आहे आणि हवाही. हे सगळं या एका शब्दात मावतं. मूठभर माती घेऊन दाबायची. लाडू वळला पाहिजे, आणि तोच लाडू कमरेच्या उंचीवरून सोडला तर फुटला पाहिजे. वळलाच नाही तर ओल कमी, आणि पडून नुसताच चपटा झाला तर अजून थांबायचं. मोठ्या पोकळ्या रित्या आणि बारीक पोकळ्या भरलेल्या, ही मातीची जी स्थिती प्रयोगशाळेत उपकरणाने मोजतात, तिचा अंदाज शेतकऱ्याचा तळहात घेतो.

आता या सगळ्यातली मला सर्वांत नवलाची वाटणारी गोष्ट. पेरणीनंतर आठ आठवडे झालेत, रानात तण दिसेनासं झालंय, जमीन वरून वाळलीय, आणि तरी शेतकरी बैल जुंपून दोन ओळींमधून कोळपं चालवतोय. कशासाठी? कोरडवाहू भागात म्हणतात, एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. पहिली कोळपणी तीन आठवड्यांनी फटीच्या कोळप्याने, दुसरी पाच आठवड्यांनी पासाच्या कोळप्याने, तिसरी आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने. पहिल्या दोन्हींत तण निघतं, म्हणजे शिदोरीतले वाटेकरी कमी होतात. तिसरीत भेगा बुजतात. भेग म्हणजे खोलवरच्या ओलीला उघडलेली खिडकी. तिच्यातून वारा आत शिरतो आणि मुळाशी असलेली ओल बाहेर नेतो. कोळप्याचे दाते माती भुसभुशीत करून ती खिडकी लावून टाकतात.

शिवाय ही सैल माती झाकण बनते. घट्ट मातीत बारीक पोकळ्यांची साखळी वरपर्यंत सलग असते, दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं पाणी तिच्यातून चढतं आणि उन्हात उडून जातं. वरचा थर मोकळा केला की ही वात तुटते. मग पाण्याला वाफ होऊनच वाट काढावी लागते, आणि ती वाट फार मंद असते. अशा रानात ओळींमधली दोन-तीन इंच धूळ हाताने बाजूला सारून पाहा. खाली माती एकदम गडद लागते, बोटांना गार लागते. पौषातल्या दुपारी, रणरणत्या शिवारात, हा गारवा हाताला लागला की अंगावर शहारा येतो. झाकण मातीचं आणि भांडंही मातीचंच!

ज्वारीही आपल्या परीने जपून वागते. ताटावर आणि पानांवर मेणाची पांढुरकी झाक असते. बोट फिरवलं की ती बोटावर येते. दुपारच्या तापात पानं सुरळी करून ती उन्हाकडे अंग चोरते. खाली मात्र तिची धाव थांबत नाही. जमीन वरून खाली सुकत जाते आणि मुळं त्या कोरडेपणाच्या पुढे पुढे, मीटरभर आणि त्याहूनही खोल, ओलीचा माग काढत उतरतात. खाली खडक किंवा मुरूम लवकर लागला तर ही धाव तिथेच संपते. म्हणूनच हलक्या, फूटभर खोलीच्या जमिनीसाठी लवकर येणारं वाण निवडावं लागतं. फुले अनुराधा त्यासाठीच काढलेलं आहे. खोल जमिनीची राणी मात्र मालदांडी. १९३०च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर स्थानिक ज्वारीतून निवडलेलं मालदांडी ३५-१ आजही पेरलं जातं. सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३मध्ये सुरू झालं, आणि तिथे जे तपासलं गेलं त्यात रानातल्या जुन्या शहाणपणाचाही मोठा वाटा होता.

हस्त कोरडा गेला तर कुठलीही युक्ती रितं भांडं भरू शकत नाही, हेही खरं. पण भरलेलं भांडं सांभाळणं माणसाच्या हातात आहे, आणि इथल्या माणसांनी ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. दुष्काळात धान्याची कोठारं रयतेला उघडून देणाऱ्या दामाजीपंतांचं मंगळवेढं हे. इथे दाण्याच्या कोठाराआधी ओलीचं कोठार भरावं लागतं.

हुरड्याच्या दिवसांत रानात गेलात तर आगटीत कणीस भाजण्याआधी एक कोवळा दाणा खुडून नखाने दाबा. पांढरं दूध नखावर येईल. तीन महिन्यांपूर्वी वाफ्यात थांबलेला, झाकणाखाली राखलेला, मुळांनी एकेक थेंब ओढून वर चढवलेला हस्ताचा पाऊस त्या दुधात आहे.