खोटं, थाप आणि दगा

बुऱ्हाणपूरच्या राजघाटावर तापीच्या पायऱ्यांशी मराठी आणि हिंदी रोज खांद्याला खांदा लावून बोलतात. 'खोटा' शब्द दोघींचा, पण वाटा वेगळ्या. हिंदीत तो मुख्यतः नाण्याचा, दानतीचा; खोटं बोलण्यासाठी तिथे 'झूठ'. मराठीत मात्र नाणंही खोटं आणि बोलणंही खोटंच. या गावात मुघलांची टांकसाळ होती, म्हणून मला नाण्याचा अर्थ इथे जास्त भिडतो. रुपया दगडावर टाकला की खरा खणखणतो, खोटा बद्द वाजतो. माणसाचं बोलणंही आपण असंच वाजवून पाहतो.

पण मराठी प्रत्येक खोट्याला एका मापानं मोजत नाही. पोरांचं 'खोटं खोटं' लग्न हा निव्वळ खेळ. थाप त्याहून जरा पुढची, तरी बहुधा माफ होणारी. 'शेंडी लावली' म्हणताना फसलेला माणूसही कधी हसतो. 'गंडा घातला' म्हटलं की पैसा गेलेला असतो.

'दगा' मात्र विश्वासाच्या आतून येतो. शब्द फारसीतला. बुऱ्हाणपूरजवळच्या अशीरगडाची कथा फिरिश्ता या इतिहासकारानं नोंदवली आहे: खानदेशच्या नसीरखान फारुकी या सुलतानानं बायकामुलांना आसरा द्या म्हणून गडाचा धनी आसा अहिर याला विनवलं, आणि गडावर गेलेल्या डोल्यांतून हत्यारबंद शिपाई उतरले. याला थाप म्हणता येत नाही. आसानं दार आपल्या हातानं उघडलं होतं.