वाघोलीची बरकत

पुण्याहून नगर रस्त्याने निघाले की वाघोली लागते. वाघेश्वराचे हे गाव. पिलाजीराव जाधवरावांची समाधीही इथलीच. पण पुणेकरांच्या तोंडी वाघोली बसली ती दगडामुळे. इथल्या खाणींतला काळा दगड फुटला, त्याची खडी झाली आणि तिच्यावर शहराचे रस्ते नि इमले उभे राहिले. दगड फोडायला वडार आले, दुष्काळाने गाव सोडायला लावलेली माणसे आली.

आता वाघोलीला बरकत आली म्हणतात. ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत २३ गावे गेली, त्यांत वाघोली एक. जिथे ज्वारी डुलत होती तिथे उंचच उंच इमारती झाल्या. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी म्हटले, "काय पाटील, दिवस पालटले की!"

"पालटले खरे," ते म्हणाले, "पण पीक दरसाल येत होतं. जमीन एकदाच विकता येते, साहेब."

सारा हिशेब इथेच आला. जमीन विकून आलेला पैसा ही कमाई नव्हे. ते मुद्दल मोडून खाणे झाले. खाणीचेही तेच. दगड पुन्हा उगवत नाही. मागे उरतो खड्डा. आणि नव्या इमारतींतला बिऱ्हाडकरू? कर्जाचे हप्ते भरायचे नि टँकरची वाट पाहायची!

वाचकहो, गावाची भरभराट मजल्यांवर मोजू नये. नळाला पाणी किती येते आणि खाणीत राबणाऱ्याच्या पोराला कोणता धंदा मिळतो, एवढेच विचारावे. तोवर मी तरी बरकतीचे पेढे वाटणार नाही.