खासऱ्यातले पणजोबा, ओवीतली पणजी

2023च्या सप्टेंबरनंतर बीड जिल्ह्यात गावोगावी एका प्रश्नाला अचानक भाव आला: तुझ्या खापरपणजाचं नाव काय? आजोबांच्या पलीकडचं नाव ज्यांना कधी लागलंच नव्हतं, अशी विशी-पंचविशीतली पोरं पारावर बसून भावकीतल्या म्हाताऱ्यांकडून नावं उतरवून घेऊ लागली. कुणाचा आजा दत्तक आला होता, कुणाची वाटणी कुठल्या साली झाली, कोणती शाखा गाव सोडून गेली, हे सगळं झेरॉक्सच्या कागदांवर चढलं. वंशावळ पूर्वी लग्न जमवताना नाहीतर बांधाचं भांडण कोर्टात गेल्यावरच निघायची. आता ती घरोघर निघाली.

कारण सगळ्यांना माहीत आहे. मूळचे शिरूर कासार तालुक्यातल्या मातोरीचे मनोज जरांगे यांनी शेजारच्या जालना जिल्ह्यात, अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण केलं. मराठा कुटुंबांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. ऑक्टोबरच्या अखेरीस सरकारने सांगितलं की मराठवाड्यात 1 कोटी 72 लाखांवर कागद तपासले आणि त्यांत 11,530 कुणबी नोंदी सापडल्या. आरक्षण कुणाला, किती आणि कसं, हा वाद या लेखाचा नाही. मला कुतूहल आहे ते त्या पावणेदोन कोटी कागदांचं. एवढ्या मोठ्या प्रमाणावर सामान्य माणसांचे पूर्वज धुंडाळण्याचं काम महाराष्ट्रात यापूर्वी कुणी केलं असेल असं वाटत नाही. आणि शोध कुठे घ्यायचा याची सरकारी यादी पाहिली, तर घराण्याचा इतिहास लिहायला बसलेल्या कुणालाही तिच्याइतका चांगला वाटाड्या मिळणार नाही.

त्या यादीत खासरा पत्र आहे, पाहणी पत्रक आहे, कुळांची नोंदवही आहे. 1951चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर आहे. शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर आहे, जन्ममृत्यूचा गाव नमुना 14 आहे. पण ती इथे थांबत नाही. कच्च्या कैद्यांची नोंदवही, पोलिसांचे अटक पंचनामे, इसारपावत्या, बटईपत्रकं, दत्तकविधानं, वक्फचे मुंतखब, माजी सैनिकांच्या नोंदी, हे सगळं तीत आहे. शेत नसलेल्या पणजोबांचा माग सातबाऱ्यात लागणार नाही, पण एखाद्या मारामारीच्या पंचनाम्यात ते सापडू शकतात. घराण्याची अब्रू सांभाळून इतिहास लिहिणाऱ्यांना हे रुचत नाही, ही गोष्ट वेगळी.

कागद हाती आला तरी तो वाचता येईलच असं नाही. बीड 17 सप्टेंबर 1948पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. गावचा कुलकर्णी हिशेब मोडीत लिही आणि वरच्या कचेरीत कारभार चाले उर्दूत, त्याआधी फारसीत. त्यातही घाईची शिकस्ता लिपी असेल तर चांगला उर्दू शिकलेला माणूसही अडखळतो. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, त्यामुळे मुंजा आणि मंजा कागदावर सारखेच दिसतात. साल असतं फसली. त्यात 590 मिळवले की इसवी सन साधारण हाती लागतो, पण हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू होई, म्हणून एका वर्षाची चूक सहज होते. गावांची नावंही बदललेली असतात. अंबाजोगाईचे लोक आपलं गाव जुन्या दप्तरात शोधतात आणि ते तिथे मिळतच नाही, कारण त्या काळात ते मोमिनाबाद होतं. हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी तिथे होती.

सर्वांत मोठी पंचाईत होते ती माणसांच्या नावांनीच. निजामी कागदात माणूस आडनावाने येत नाही, ‘अमुक वल्द तमुक’ असा येतो आणि मोडीत ‘बिन’ असतो. थोरल्या नातवाला आजाचं नाव ठेवायची रीत घराघरात. त्यामुळे पन्नास वर्षांच्या अंतराने दोन राणोजी त्याच शिवारात, तेच शेत कसताना दिसतात आणि घाईत वंशावळ काढणारा त्या दोघांचा एक राणोजी करून टाकतो. एक पिढी गळते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. यावर उपाय जुनाच आहे: नाव जुळवायचं नाही, भाऊ जुळवायचे. एकाच्या वाटणीच्या कागदात इतर भावांची नावं येतात. तेच भाऊ दुसऱ्या कागदात त्याच बापाचे म्हणून आले तरच पुढे जायचं.

आणि म्हाताऱ्या माणसांच्या सालांना नावं ठेवू नयेत. ‘मानमोडीच्या साली बाप गेला’ म्हणणारी आजी 1918च्या साथीचं वर्ष सांगत असते. ‘रझाकारीत जन्मलो’, ‘बहात्तरच्या दुष्काळात सोयरीक झाली’ ही तारीख शाळेच्या दाखल्यावरच्या तारखेपेक्षा जास्त खरी असते. कारण दाखल्यावर बहुतेकांची जन्मतारीख 1 जून आहे, आणि ती बापाने दिलेली नसून गुरुजींनी दिलेली आहे.

या भागात पूर्वज आठवले जातात ते कचेरीच्या दारात, हे काही 2023पासूनचं नाही. वतनाची भांडणं गोतसभेपुढे येत तेव्हा वादी-प्रतिवादी आपापल्या घराण्याची हकिगत लिहून देत. त्या हकिगतीला करीना म्हणत. मूळपुरुष कोण, गाव कसं वसवलं, कोण मारला गेला, वतन कुणी बळकावलं, सगळं त्यात असे. मावळातल्या जेध्यांचा करीना प्रसिद्ध आहे. राजवाड्यांनी 1898पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला सुरुवात केली तेव्हा असे पुष्कळ कागद उजेडात आले. मराठीतल्या घराण्यांच्या गोष्टी मोठ्या संख्येने लिहिल्या गेल्या त्या अशा, समोर निवाडा करणारा बसलेला असताना. म्हणून त्या वाचताना एक सवय लावून घ्यावी लागते: सांगणाऱ्याला काय मिळवायचं होतं, हे आधी विचारायचं. जेत्याच्या करीन्यात मूळपुरुष नेहमीच गाव वसवणारा असतो. हरलेल्याच्याही करीन्यात तोच असतो.

या सवयीची गरज किती आहे हे बीडइतकं दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याला कळलं नसेल. हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांना निवृत्तिवेतन मिळू लागलं तेव्हा भूमिगत कार्याच्या गोष्टींना पीक आलं. खरे सैनिक होतेच. स्वामी रामानंद तीर्थांनी शाळा चालवली ते मोमिनाबाद याच जिल्ह्यातलं. पण त्यांच्या रांगेत खोटेही शिरले. बीडच्या बोगस स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, न्यायमूर्ती पालकर आयोगाने एकेक दावा तपासला. आज त्या घरांतल्या नातवंडांना आजोबांची कोणती गोष्ट सांगितली जात असेल, याचा विचार मनात येतो. खोटी गोष्ट दोन पिढ्या सांगितली गेली की ती घराची होते, आणि घरच्या माणसाला ती खोटी ठरवायचं धाडस होत नाही. त्या काळाची दुसरीही बाजू आहे. रझाकारांच्या जुलमाच्या गोष्टी चौकात सांगितल्या जातात. 1948च्या पोलीस अ‍ॅक्शननंतर मराठवाड्यातल्या मुस्लिम कुटुंबांवर जे गुदरलं, ते पाहायला केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. त्या कुटुंबांच्या गोष्टी उंबरठ्याच्या आतच राहिल्या. दर्ग्यांचे इनाम सांभाळणाऱ्या घराण्यांकडे पिढ्यांचे शजरे, म्हणजे वंशावळी असतात, जपून ठेवलेल्या. पण शजऱ्यात नावं असतात, 1948 नसतं.

आता बायांचं. खासरा उघडा, पाहणी पत्रक उघडा, बाई तिथे क्वचित. असलीच तर ‘जौजे’ म्हणून, म्हणजे कुणाची तरी बायको, किंवा ‘बेवा’ म्हणून. बहुधा नवरा मेला आणि मुलगा अज्ञान असला तरच तिचं नाव शेतावर चढे. एखाद्या घराण्याच्या आठ पिढ्यांच्या वंशावळीत एकही आई नसते आणि ते कुणाला खटकत नाही. जानेवारी 2024मध्ये कुणबी दाखल्यासाठीच्या ‘सगेसोयरे’ या व्याख्येवर मुंबईच्या वेशीपर्यंत आंदोलन गेलं तेव्हा वाद शेवटी इथेच येऊन थांबत होता: नातं बापाकडून मोजायचं की आईकडूनही? त्याच वर्षी राज्य सरकारने 1 मे रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं बंधनकारक केलं. ही मुलं पणजोबा होतील तेव्हा त्यांच्या पणतवंडांचं काम सोपं असेल. आपल्याला मात्र आडवाटेने जावं लागतं.

अशी एक आडवाट पैठणला, त्र्यंबकेश्वरला जाते. तीर्थोपाध्यायांच्या वह्या गाव आणि आडनावाप्रमाणे लावलेल्या असतात. दहाव्याला, अस्थी घेऊन किंवा यात्रेला आलेला माणूस त्यात आपली आणि भावांची नावं लिहून जातो. श्राद्धात बाप-आजा-पणजा यांच्याबरोबर आई-आजी-पणजी यांचाही उच्चार करावा लागतो, आईच्या बापाचाही. त्यामुळे जी नावं महसुलाने कधी विचारली नाहीत ती इथे मिळण्याची शक्यता असते. शिवाय गाव सोडून गेलेली शाखा दोन पिढ्या तरी जुन्याच गावाच्या पानावर नाव लिहिते. दुष्काळांनी विस्कटलेल्या या जिल्ह्यात ही फार मोठी सोय आहे. 1891 ते 1901 या दहा वर्षांत बीडची लोकसंख्या वाढायची सोडून लाखाहून जास्त घटली. ती सगळी माणसं मेली नव्हती, बरीच निघून गेली होती. त्यांच्या वारसांना आपण बीडचे, हे ठाऊकही नसेल.

दुसरी वाट दगडावरची आहे. अंबाजोगाईला यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याच्या घराण्याचे शिलालेख आहेत. त्यांतला शके 1162चा, म्हणजे इसवी सन 1240चा लेख त्याच्या मुलीचा, लक्ष्मीचा. तिचा भाऊ राम गुजरातच्या स्वारीत पडला. त्याच्या स्मरणार्थ तिने देऊळ बांधलं आणि घराण्याची हकिगत संस्कृतात कोरवून घेतली. वतन मागायचं नव्हतं, दाखला काढायचा नव्हता. भाऊ गेला म्हणून बहिणीने लिहवून घेतलेला हा मजकूर बीड जिल्ह्यातला जुन्यात जुना कुलवृत्तांत म्हणायला माझी हरकत नाही. सेनापतीची मुलगी होती म्हणून तिला दगड आणि कवी मिळाला, हेही खरं.

ज्यांना ते मिळण्यासारखं नव्हतं त्यांच्याकडे जातं होतं. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून काम सुरू करून महाराष्ट्रातल्या हजारावर खेड्यांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. माजलगावच्या भीमनगरात 1996च्या एप्रिलमध्ये त्यांच्या गटाने दलित बायकांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांत बाबासाहेब आणि रमाबाई येतात ते घरचे होऊन, नात्यातले होऊन. मी घराण्याचा शोध घेणाऱ्यांना ओव्या ऐकायला सांगतो ते काव्यासाठी नाही. बाई ओवीत भावाचं नाव घेते, माहेरचं गाव सांगते, सासरची वाट सांगते, बापाच्या दारातल्या झाडापर्यंत तपशील देते. वंशावळीच्या कागदावर लेक सासरी गेली की रेघ संपते. ओवीत ती रेघ तिथून सुरू होते. शिवाय या संग्रहात ओवीपुढे गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे, आणि यातल्या बऱ्याच ओव्या आता ‘पारी’च्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर कुणालाही वाचता-ऐकता येतात. ज्या बायका खासऱ्यात ‘जौजे’ म्हणूनही आल्या नसत्या, त्या तिथे पूर्ण नावाने आहेत.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं काय, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. दिवाळी झाली की बीडमधून टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. लेकरं कारखान्याच्या तळावर, कोपीत जन्मतात. हिशेबात नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता असते आणि उचल मुकादमाच्या नावावर. म्हणजे कागदावर मुकादम असतो, बाप असलाच तर अर्धा असतो आणि आई नसते. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांचा खासरा नाही. वर्षातले पाच-सहा महिने जी माणसं गावात नसतात, त्यांच्या नोंदीचा गावच्या रजिस्टरातही भरवसा नाही. भटक्या-विमुक्तांना जातपडताळणीत 21 नोव्हेंबर 1961पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांचा आजा पालात राहिला त्यांनी तो कुठून आणायचा? 2025च्या सप्टेंबरात मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी निजामकाळच्या हैदराबाद गॅझेटचा आधार घेणारा शासन निर्णय निघाला आणि काही दिवसांतच त्याच गॅझेटचा दाखला देत बंजारा समाजाचे मोर्चे निघाले. एकाच जुन्या कागदात प्रत्येकजण आपला आजा शोधतो आहे.

तोडीवरच्या घरांचा इतिहास लिहायचा तर साधन एकच: विचारणं. कोणत्या कारखान्यावर कितव्या हंगामाला गेलात, तेव्हा बैलगाडी होती की ट्रॅक्टर, टोळीत कोण कोण होतं, बाळंतपण कुणी केलं, थोरलं लेकरू कुणाजवळ गावी ठेवलं. ऊसतोड करणाऱ्या बाईला साल विचारलं तर ती ‘काय ठावं’ म्हणेल. कारखाना विचारला तर हंगामामागून हंगाम, पट्टा न चुकता सांगेल, आणि कारखान्यांच्या गळिताच्या हंगामांवरून साल काढता येतं. मोबाइल आता कोपीतही आहे. ध्वनिमुद्रण करताना पहिल्यांदा आजीचं पूर्ण नाव तिच्याच तोंडून घ्यावं, माहेरच्या नावासकट. लग्नात नाव बदललं असेल तर दोन्ही.