पारण्याचा विवेक

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शेजारच्या घरातील साबुदाण्याचे ताट पाहून आपल्यापैकी अनेकांनी ती हसत हसत उच्चारलीही असेल. आपल्या उपवासात फराळाला थारा नाही. उकळलेल्या पाण्यावर दिवस काढावयाचा, आणि पुष्कळदा तेही घ्यावयाचे नाही. तेव्हा ही म्हण आपणांस लागू नाही, असा एक सूक्ष्म अभिमान आपल्या मनात वावरत असतो. प्रस्तुत लेखकाच्या मनातही तो होता. वयाच्या ५६ व्या वर्षी तो गळून पडला. तो कसा गळला, हे सांगितल्याने एखाद्या व्यापारी बंधूस अथवा भगिनीस मोकळेपणाने बोलण्याचे धैर्य आले, तर या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.

बेळगावच्या रविवार पेठेत आमचे धान्य-कडधान्याचे दुकान आहे. आयुष्य गादीवर बसून गेले. त्याचे जे फळ मिळावयाचे ते मिळाले. वजन वाढले, रक्तातील साखर सीमारेषेवर आली, आणि डॉक्टरांनी आहाराकडे लक्ष देण्याची सूचना केली. त्या सुमारास पेठेत जो तो कालबद्ध उपवासाची, म्हणजे ज्याला इंटरमिटंट फास्टिंग म्हणतात त्याची, गोष्ट करीत होता. या पद्धतीचे अनेक प्रकार आहेत. कोणी दिवसाचे सोळा तास काही न खाता उरलेल्या आठ तासांत जेवतात. इंग्लंडमध्ये डॉ. मायकेल मोस्ली यांनी २०१२ नंतर आठवड्यातील दोन दिवस अत्यल्प आहार घेण्याची रीत लोकप्रिय केली. महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांचा आधार घेऊन, दिवसातून दोनदाच व प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची रीत घरोघरी नेली. या पद्धतींचा लाभ झालेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांची निंदा करण्याचा माझा हेतू नाही.

मी सोळा तासांची रीत धरली. दुपारी बारापर्यंत अन्न नाही. आणि घरचा नियम सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा. कागदावर हिशेब उत्तम जमला. दुकानात मात्र तो जमेना. बारा वाजता डबा उघडावा तर गाडी रिकामी करून घ्यावयाची असे, तीन वाजत. संध्याकाळी घरी जाऊन जेवावे तर तीच गिऱ्हाइकाची वेळ. पाहता पाहता दिवे लागत, आणि रात्री नऊला घरी येऊन ‘आज जेवण नको’ असे मी मोठ्या समाधानाने सांगत असे. घरातील सर्वांना माझा संयम दिसत होता. पहिल्या दोन महिन्यांत वजन चार किलो उतरले. मित्रांनी अभिनंदन केले.

तिसऱ्या महिन्यात एके रात्री अकराच्या सुमारास मी स्वयंपाकघरात गेलो. पाणी प्यावयाचे म्हणून गेलो होतो. चिवड्याचा डबा उघडला, मग शंकरपाळ्यांचा, मग पाहुण्यांसाठी आणून ठेवलेल्या कुंद्याचा. दिवा न लावता, उभ्याने, चव न कळता मी खात सुटलो. पोट दुखू लागल्यावरच हात थांबला. डब्याचे झाकण वाजू नये म्हणून त्याखाली उपरणे धरल्याचे मला आजही स्पष्ट आठवते. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून मी संपूर्ण दिवस काही खाल्ले नाही. आणि त्या रात्री पुन्हा तेच घडले. पुढे आठवड्यातून दोनदा, तीनदा घडू लागले.

एके सकाळी कुंद्याचा रिकामा डबा सापडला आणि सहा वर्षांच्या नातवावर आळ आला. तो रडत रडत ‘मी नाही खाल्ला’ म्हणत होता. मी तेथेच वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो. आणि मी गप्प राहिलो. ज्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षांत कोणी शंका घेतली नाही, तो मनुष्य एका पोराच्या डोळ्यांतील पाणी पाहून गप्प राहिला. रात्रिभोजनाचा नियम मोडल्यापेक्षा ती चूक मला मोठी वाटते.

भुकेचा स्वभाव

पुढे वैद्यकीय सल्ला घेतला तेव्हा कळले की माझ्या बाबतीत जे घडले ते मुळीच नवलाचे नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला. सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र धरण्यास नकार देणाऱ्या ३६ निरोगी तरुणांनी त्यासाठी स्वेच्छेने अर्धपोटी राहण्याचे मान्य केले. २४ आठवडे त्यांना निम्म्या आहारावर ठेवण्यात आले. ही माणसे ध्येयवादी होती, मनोनिग्रहात उणी नव्हती. तरीही त्यांच्या मनात अन्नावाचून दुसरा विषय उरला नाही. काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. बंधन उठल्यावर त्यांतील काहींनी प्रचंड प्रमाणात खाल्ले, आणि पोट भरले तरी भूक शमल्याचे त्यांना वाटेना. सोळा तासांचा उपवास म्हणजे अर्धपोटी सहा महिने नव्हेत, हे खरे. परंतु जो दिवसामागून दिवस शरीराला गरजेपेक्षा फार कमी देतो, त्याच्याकडून शरीर पुढे वसुली करते, एवढा बोध त्यातून निश्चित मिळतो.

दुसरे कारण मनाचे आहे. हर्मन आणि मॅक यांचा एक प्रयोग १९७५ साली प्रसिद्ध झाला. त्यात काहींना आधी दुधाचे गोड पेय देऊन मग आइस्क्रीम चाखावयास दिले. जे एरव्ही आहारावर बंधन ठेवीत नव्हते त्यांनी पेयानंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. उलट जे काटेकोर बंधन पाळणारे होते, त्यांनी पेय घेतल्यानंतरच अधिक खाल्ले! नियम मोडलाच आहे, मग आता थांबावयाचे कशासाठी, हा तो विचार. आपणा व्यापाऱ्यांना तो अपरिचित नाही. एका दिवसाची तूट सट्ट्याने भरून काढू पाहणारा मनुष्य याच मार्गाने दिवाळ्यापर्यंत जातो.

अशा अनावर खाण्याचे वर्णन डॉ. अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ साली केले होते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली त्यास स्वतंत्र विकार म्हणून मान्यता दिली. थोड्या वेळात इतरांपेक्षा निश्चितच अधिक खाणे आणि खाताना आपला ताबा सुटल्याची भावना होणे, ही त्याची मुख्य लक्षणे. भूक नसता खाणे, घाईने खाणे, लाजेपोटी एकट्याने खाणे, नंतर स्वतःची घृणा वाटणे हीही त्याची चिन्हे होत. सरासरीने आठवड्यातून एकदा असे तीन महिने घडत राहिले, तर तो विकार मानला जातो. सणावारी दोन पुरणपोळ्या अधिक खाणे म्हणजे हा विकार नव्हे.

आत्याबाईंचा उपदेश

मी प्रथम पत्नीला सांगितले, नंतर आत्याबाईंना. चाळीस वर्षे अष्टमी-चतुर्दशीचा उपवास करणाऱ्या आत्याबाई मला रागावतील अशी माझी अपेक्षा होती. त्या एवढेच म्हणाल्या, “अरे, उपवास म्हणजे दुकानाला कुलूप लावणे. ते कोणालाही जमते. दुसऱ्या दिवशी दुकान कसे उघडतोस, त्यावर धंदा चालतो. तू पारणे शिकलाच नाहीस.”

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. प्रोषधोपवासात मधला दिवस निराहार, तर आदल्या धारणेच्या आणि नंतरच्या पारण्याच्या दिवशी एकभुक्त. म्हणजे उपवासाच्या पूर्वी ठासून भरावयाचे नाही आणि नंतर तुटून पडावयाचे नाही, ही योजना पूर्वाचार्यांनी आधीच करून ठेवली आहे. सहा बाह्य तपांत अनशनाच्या लगेच पाठोपाठ अवमौदर्य, म्हणजेच ऊनोदरी, येते. पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घास व स्त्रीचा २८ मानून, त्याहून काही कमी घेणे म्हणजे ऊनोदरी. जेवणास बसून चार घास आधी उठणे हेही तपच आहे. किंबहुना रोज करावयाचे असल्याने ते अधिक कठीण आहे. भगवान ऋषभदेवांच्या दीर्घ तपाची सांगता हस्तिनापुरात श्रेयांसकुमारांनी दिलेल्या इक्षुरसाने झाली, आणि ती तिथी आपण अक्षय्यतृतीया म्हणून आजही पाळतो. आपल्या परंपरेने पारण्यालाही सणाचा मान दिला आहे, तो उगीच नव्हे.

आणखी एक गोष्ट त्यांनी माझ्या ध्यानात आणून दिली. “खाल्लेस म्हणून उपाशी राहतोस, आणि उपाशी राहिलास म्हणून खातोस. याला प्रायश्चित्त कोण म्हणेल? तू स्वतःवर सूड उगवतो आहेस.” प्रायश्चित्ताची पहिली पायरी आलोचना, म्हणजे आपला दोष दुसऱ्यापुढे उघड करणे. ती मी टाळली होती आणि शिक्षा मात्र स्वतःच ठरवीत होतो.

काय करावे

आहारतज्ज्ञांनी मला दिलेला पहिला सल्ला ऐकून मी चकित झालो. सोळा तासांची रीत काही महिने बाजूला ठेवा, असे त्यांनी सांगितले. अनावर खाण्याच्या उपचारात नियमित जेवण हा पाया असतो. दिवसातून तीन वेळा जेवण, मध्ये थोडे खाणे, आणि जागेपणी दोन खाण्यांत तीन-चार तासांहून अधिक अंतर न पडू देणे. ही माघार नव्हे. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर झालेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांचा आहार सारखाच कमी केला होता. एका गटाने मात्र सकाळी ८ ते दुपारी ४ याच वेळेत जेवावयाचे होते. वर्षअखेरीस दोन्ही गटांच्या वजनातील घटीत लक्षणीय फरक आढळला नाही. तेव्हा घड्याळाचा आग्रह सोडल्याने फार मोठे काही गमावते असे नाही.

शिवाय विचार करता असे दिसते की सूर्यास्तापूर्वी जेवणे आणि सूर्योदयानंतर दोन घटकांनी, म्हणजे ४८ मिनिटांनी, अन्न घेणे हा घरचाच नियम पाळला तरी रोज सुमारे तेरा तासांचा विसावा पोटाला आपोआप मिळतो. खरी अडचण दिवसाच्या जेवणाची आहे, आणि तेथे आपले दुकान आड येते. म्हणून मी काही गोष्टी ठरवून घेतल्या. सकाळी न्याहारी करूनच दुकानाची कुलपे काढावयाची. दुपारी एक वाजता गादीवर मुलगा बसतो आणि मी आत जाऊन जेवतो. गिऱ्हाईक अर्धा तास थांबते, हे तीस वर्षांनी मला कळले. साडेपाचला घरून दुसरा डबा येतो: भाकरी, मुगाची उसळ, भाजी, ताक. ताट एकदाच वाढून घ्यावयाचे आणि बसूनच जेवावयाचे. उपवास सोडताना प्रथम मुगाचे कढण घ्यावे, अर्धा तास थांबावे, मग हलके जेवण.

कधी पुन्हा तोल गेलाच, तर पुढचे जेवण त्याच्या ठरल्या वेळी घ्यावे. ते टाळू नये. रोजमेळात एक रक्कम चुकली म्हणून आपण वही जाळीत नाही. चूक कोठे झाली ते पाहून पुढे लिहितो. मीही एका लहान वहीत वेळ, प्रसंग आणि त्याआधी किती तास उपाशी होतो, एवढेच टिपू लागलो. बहुतेक वेळा दुपारचे जेवण चुकलेले आढळले. काही वेळा उधारी बुडाल्याची चिंता आढळली. चिंतेला चिवडा हे औषध नाही, हे कागदावर पाहिल्याशिवाय पटत नाही.

घरच्यांना विनंती अशी की डब्यांवर पहारा ठेवू नये, टोमणे मारू नयेत आणि समारंभात कोणाच्या देहाची चर्चा करू नये. आग्रह करकरून वाढणे आणि नंतर ‘वजन वाढले हो’ म्हणणे, ही दोन्ही एकाच पंगतीत शोभत नाहीत. वाढत्या वयाच्या मुलामुलींनी आणि गरोदर स्त्रियांनी वजन उतरविण्यासाठी असे उपवास करू नयेत. मधुमेहासाठी इन्शुलिन अथवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये. साखर एकाएकी खाली जाऊन जिवावर बेतू शकते. ज्यांना आठवड्यामागून आठवडे झटके येतात, अथवा खाल्ल्यावर जे मुद्दाम ओकारी काढतात किंवा जुलाबाची औषधे घेतात, त्यांनी विलंब न लावता डॉक्टरांकडे अथवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. हा विकार बोलण्याने आणि योग्य उपचाराने सुधारतो. लपविल्याने मात्र वाढतो.

माझे वजन आज फार उतरलेले नाही. साखर मात्र आटोक्यात आहे. गेल्या पर्युषणात मी एकच उपवास केला, दुसऱ्या दिवशी आत्याबाईंच्या शेजारी बसून मुगाचे कढण घेतले, आणि त्या रात्री स्वस्थ झोपलो. त्याआधी एक काम उरकावयाचे होते. क्षमापनेच्या दिवसाची वाट न पाहता मी नातवाला जवळ बसविले आणि कुंदा मीच खाल्ला होता, हे त्याला सांगितले. तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने विचारले, “आजोबा, तुम्हाला रात्री भूक लागली होती का? मग आजीला का नाही सांगितले?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ज्या बंधुभगिनींवर असा प्रसंग ओढवला असेल, त्यांनी निदान आपल्या घरी तो बोलून दाखवावा, एवढीच नम्र विनंती.