सपाट पावलांची चिंता कधी करावी?

न्हाणीघरातून ओल्या पायांनी बाहेर आलेल्या मुलाचा शहाबादी फरशीवर उमटलेला ठसा पाहून अनेक आईवडिलांच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. पावलाच्या आतल्या बाजूची जी जागा कोरडी राहायला हवी, तीही ओली झालेली असते. मग शेजाऱ्यांचे सल्ले सुरू होतात, ‘खास’ बुटांची चौकशी होते आणि मुलगा उद्या पोलीस भरतीत बाद होईल का, इथपर्यंत काळजी जाऊन पोहोचते.

पावलातील 26 हाडे, त्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध आणि पोटरीतून घोट्याच्या आतल्या बाजूने उतरणारी कंडरा यांच्या मेळातून तळपायाची कमान उभी राहते. लहान मुलांचे अस्थिबंध सैल असतात, शिवाय तळव्याखाली चरबीची गादी असते. त्यामुळे नुकत्याच चालू लागलेल्या बहुतेक मुलांचे पाऊल सपाटच दिसते. कमान साधारणपणे दहाव्या वर्षापर्यंत हळूहळू आकार घेते. तीन वर्षांच्या मुलाचे सपाट पाऊल हा आजार नसून ते त्याचे वय आहे.

मुलाला चवड्यांवर उभे करून मागून पाहावे. कमान दिसू लागली आणि टाच आत वळली, तर पाऊल लवचीक आहे. ते दुखत नसेल तर उपचारांची गरज नसते. चवड्यांवर उभे राहूनही कमान दिसत नसेल आणि पाऊल ताठ राहत असेल, तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. अशा मुलांत कधी कधी पावलातील दोन हाडे जन्मतःच जोडलेली असतात आणि दुखणे किशोरवयाच्या सुमारास सुरू होते.

महागड्या बुटांचे काय? 1989 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लवचीक सपाट पावलांच्या मुलांना तीन वर्षे विशेष बूट वा आधार देऊनही, काहीच न दिलेल्या मुलांपेक्षा वेगळा परिणाम दिसला नाही. भारतात राव आणि जोसेफ यांनी 4 ते 13 वर्षांच्या 2300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलांचे प्रमाण 8.6 टक्के, तर अनवाणी मुलांत 2.8 टक्के आढळले. बंद बुटांच्या मुलांत ते सर्वाधिक होते. म्हणून मुलांना काचा-काट्यांतून अनवाणी पाठवावे असे नव्हे. पण घरात आणि अंगणात त्यांना बूट घालून ठेवण्याचे कारण नाही.

सैन्य आणि निमलष्करी दलांच्या भरतीत सपाट पाऊल हा अपात्रतेचा निकष आहे. दोन-दोन वर्षे पहाटे उठून धावलेला मुलगा अखेरच्या वैद्यकीय तपासणीत बाहेर पडतो, तेव्हा त्याच्यासोबत घरही खचते. ही तपासणी तयारीच्या आरंभीच करून घेतलेली बरी. प्रौढ वयात व्यायामाने स्नायूंची ताकद वाढते, वेदना कमी होते. हाडांची ठेवण मात्र बदलत नाही. ‘महिन्यात कमान’ असे सांगून काही विकणाऱ्यांपासून दूरच राहावे.

चाळिशीनंतर एकच पाऊल सपाट होऊ लागले, तर मात्र दुर्लक्ष नको. स्थूल व्यक्ती, मधुमेही आणि विशेषतः स्त्रियांमध्ये कमानीला आधार देणारी कंडरा झिजते. घोट्याच्या आतल्या बाजूला सूज येते, एका पायावर उभे राहून टाच उचलता येत नाही. वेळीच विश्रांती, बुटात घालायचा आधार, पोटरीचे ताण देण्याचे व्यायाम आणि वजनावर नियंत्रण यांनी बऱ्याच जणांची शस्त्रक्रिया टळते.

मधुमेह्यांच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. पाऊल अचानक सुजले, गरम लागू लागले आणि तरीही फारसे दुखत नसेल, तर संवेदना गेल्यामुळे आतली हाडे नकळत मोडत असण्याची शक्यता असते. दुखत नाही म्हणून रुग्ण चालत राहतो आणि कमान कायमची कोसळते. अशा वेळी त्या पायावर भार न देता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.