नक्शा फुकट मिळतो, पण पारख हवी

कापडाच्या धंद्यात माल सुताने टिकतो आणि नक्शाने विकला जातो. हे ठाऊक असूनही काही वर्षांपूर्वी आम्ही चुकलो. बाजारातून एक पेन ड्राइव्ह विकत घेतली. विकणारा म्हणाला, यात पाच हजार डिझाइन आहेत. त्यातला वेलीचा काठ पसंत करून सोलापुरात चादरी विणून घेतल्या. माल दुकानात लागतो न लागतो तोच तसाच काठ आणखी तीन दुकानांत दिसला. तीच पेन ड्राइव्ह त्यांनीही घेतली होती! भाव पाडून, सुताच्या किमतीत गाठी काढाव्या लागल्या. विणकराला पुढची ऑर्डर देता आली नाही, याचे दुःख नुकसानीपेक्षा मोठे होते.

तेव्हापासून आम्ही मूळ नमुने शोधू लागलो. आपल्या कारागिरांचा हुनर परदेशात फार पूर्वी पोहोचला आहे. १८६६ साली फोर्ब्स वॉटसन यांनी हिंदुस्थानी कापडाचे ७०० खरे तुकडे १८ खंडांत चिकटवून असे २० संच तयार केले. त्यांतले १३ विलायतेत राहिले. तिथल्या गिरणीवाल्यांनी आपली आवड ओळखून तसाच माल बनवावा, हा हेतू होता. म्हणजे आपल्याच नमुन्यांवर दुसऱ्यांनी व्यापार केला. आता तेच शिक्षण आपण का घेऊ नये?

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ साली आपल्या संग्रहातील पावणेचार लाखांहून अधिक चित्रे सर्वांना मोफत खुली केली. त्यात मोगल गालिचे आहेत, इराणी मखमल आहे. ज्या चित्रावर ‘ओपन अ‍ॅक्सेस’ची खूण आहे, ते धंद्यासाठीही वापरता येते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचा भारतीय कापडाचा संग्रह घरबसल्या पाहता येतो, परंतु त्यांचे चित्र धंद्यात वापरायचे तर परवाना लागतो. म्हणून प्रत्येक चित्राखालची अट आधी वाचावी.

मात्र चित्र म्हणजे नक्शा नव्हे. मोबाइलवरचे चित्र मोठे केले की फाटते. ‘इंकस्केप’ हा मोफत प्रोग्राम रेषांनी चित्र काढतो, त्यामुळे बुटा कितीही मोठा केला तरी कड स्वच्छ राहते. त्यानंतर जेकार्डसाठी आलेख करावा लागतो. समजा, इंचाला ६० ताणे आणि ४८ बाणे आहेत. २४० बाय २४० चौकटींत गोल बुटा काढला, तर कापडावर तो ४ इंच रुंद आणि ५ इंच उंच, अंड्यासारखा उतरेल. गोल हवा असेल तर उंचीला १९२ चौकटीच घ्याव्यात. हा हिशेब पंच कार्ड कापण्यापूर्वी विणकराबरोबर बसून करावा. संगणक जाणणाऱ्या मुलाला माग कळत नाही, आणि मागवाल्याला संगणक. दोघांना एका चटईवर बसवणे हे आपले काम.

शेवटची गोष्ट कायद्याची. जुन्या नमुन्यावरून स्वतःची नवी रचना केली असेल, तर बाजारात आणण्यापूर्वी डिझाइन कायदा, २००० खाली तिची नोंदणी करावी. १० वर्षांचे संरक्षण मिळते, पुढे ५ वर्षे वाढवता येते. नोंदणीयोग्य डिझाइनची नोंदणी केली नाही आणि त्याचे ५० हून अधिक नग कारखान्यात निघाले, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइटही संपतो. आपल्यापैकी कितीजणांचे नक्शे असे हातचे गेले असतील!

आमच्या तरुणपणी नवा नमुना पाहायला मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटपर्यंत खेप मारावी लागे. आज तो खजिना मुलांच्या हातातल्या मोबाइलवर आहे. व्यापारी बांधवांनी घरच्या शिकलेल्या मुलामुलींना आठवड्यातून एक संध्याकाळ आपल्या कारागिराजवळ बसवावे. नक्शा फुकट आहे. पारख मात्र मागाजवळच मिळते.