कुबरनेटीस ते डेटाबेस: खासगी रस्ता आणि कमी बिल

कुबरनेटीस क्लस्टर उभा राहिला, ॲप्लिकेशनचे पॉड्स हिरवे दिसायला लागले, डेटाबेस क्लाउडवाल्यांकडून मॅनेज्ड घेतला. कनेक्शन स्ट्रिंग टाकली, ॲप चालू झालं. बहुतेक टीम इथेच थांबतात. पण पॉडमधून निघालेली क्वेरी डेटाबेसपर्यंत नेमकी कुठल्या रस्त्याने जाते, हा प्रश्न बऱ्याचदा महिन्याचं बिल आल्यावरच पडतो. आणि रस्ता इंटरनेटवरून जात असेल, तर बिलापेक्षा मोठा प्रश्न ग्राहकांच्या डेटाचा असतो.

आज आपण हा रस्ता नीट समजून घेऊया. उदाहरण एडब्ल्यूएसचं घेतोय, म्हणजे क्लस्टर ईकेएसवर आणि पोस्टग्रेस आरडीएसवर. गुगल क्लाउड आणि अझुरमध्ये नावं आणि दर वेगळे आहेत, पण विचार करायची पद्धत तीच.

आधी नकाशा

व्हीपीसी म्हणजे क्लाउडमधली तुमची स्वतःची हाउसिंग सोसायटी. सबनेट म्हणजे तिच्यातल्या विंग. प्रत्येक फ्लॅटला नंबर असतो तसा इथे प्रत्येक गोष्टीला खासगी आयपी असतो. ईकेएसमध्ये नेहमीचा व्हीपीसी सीएनआय प्लगइन वापरला, तर प्रत्येक पॉडलाही याच व्हीपीसीमधला खरा आयपी मिळतो.

खासगी सबनेटमधल्या पॉडला बाहेरच्या इंटरनेटवर जायचं असेल तर तो नॅट गेटवेमधून जातो. नॅट गेटवे म्हणजे सोसायटीच्या गेटबाहेरचा टोलनाका. बाहेर जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या प्रत्येक जीबीवर इथे पैसे कापले जातात.

आता गंमत अशी, की ए विंगमधून बी विंगमध्ये जायचं असताना कोणी हायवेवर जाऊन, टोल भरून, परत मागच्या गेटने आत येईल का? नाही ना. पण चुकीच्या सेटिंगमुळे आपल्या क्वेरी अगदी हेच करत असतात.

रस्ता बाहेरून कसा वळतो?

आरडीएस तयार करताना 'पब्लिकली ॲक्सेसिबल' असा एक पर्याय असतो. तो 'नो' ठेवला, तर डेटाबेसच्या एंडपॉइंटचं नाव खासगी आयपीकडेच नेतं. 'येस' केला, तर त्याच नावाची दोन उत्तरं होतात. डेटाबेसच्या व्हीपीसीच्या आतून विचारलं तर खासगी आयपी, बाहेरून विचारलं तर पब्लिक आयपी.

क्लस्टर आणि डेटाबेस एकाच व्हीपीसीमध्ये असतील तर अडचण नाही. पण बऱ्याच ठिकाणी डेटाबेस जुन्या व्हीपीसीमध्ये असतो आणि क्लस्टरसाठी नवीन व्हीपीसी बनवलेला असतो. मग पॉडला पब्लिक आयपी मिळतो, ट्रॅफिक नॅट गेटवेमधून बाहेर पडतं आणि ते चालावं म्हणून कोणीतरी डेटाबेसच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये ५४३२ पोर्ट अख्ख्या जगाला उघडतं. ॲप मस्त चालतं. म्हणूनच हे कोणाच्या लक्षात येत नाही.

तपासणं सोपं आहे. कुठल्याही पॉडमध्ये शिरा आणि डेटाबेसच्या एंडपॉइंटवर एनएसलुकअप चालवा. उत्तर १०, १७२.१६ ते १७२.३१ किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल तर ते खासगी आहे. दुसरंच काही आलं तर पुढचं वाचाच.

पैशाचा हिशोब

रीजननुसार दर बदलतात, म्हणून इथे नॉर्थ व्हर्जिनिया रीजनचे दर धरतोय. तुमचा रीजन मुंबई असेल तर कॅल्क्युलेटरमध्ये तिथले दर टाकून बघा. समजा क्लस्टर आणि डेटाबेस यांच्यात महिन्याला दोन्ही दिशा मिळून १,००० जीबी डेटा फिरतो. महिना ७३० तासांचा धरू.

- नॅट गेटवेमार्गे: तासाला ०.०४५ डॉलर आणि प्रत्येक जीबीला ०.०४५ डॉलर. म्हणजे साधारण ३३ अधिक ४५, एकूण ७८ डॉलर. पब्लिक आयपीवरून त्याच रीजनमध्ये ट्रॅफिक फिरल्याचा चार्ज वेगळा. शिवाय १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ ला तासाला ०.००५ डॉलर लागतात.
- ट्रान्झिट गेटवे: प्रत्येक जोडणीला तासाला ०.०५ डॉलर, जीबीला ०.०२ डॉलर. दोन व्हीपीसी जोडले तर ७३ अधिक २०, एकूण ९३ डॉलर.
- प्रायव्हेटलिंक: प्रत्येक झोनमधल्या एंडपॉइंटला तासाला ०.०१ डॉलर, जीबीला ०.०१ डॉलर. दोन झोन धरले तर सुमारे २५ डॉलर. समोर नेटवर्क लोड बॅलन्सर लावला तर त्याचे वेगळे.
- व्हीपीसी पीअरिंग: जोडणीचं भाडं शून्य. दोन्ही टोकं एकाच अव्हेलेबिलिटी झोनमध्ये असतील तर डेटाचेही पैसे नाहीत. झोन वेगळे असतील तर प्रत्येक दिशेला जीबीमागे ०.०१ डॉलर.
- एकच व्हीपीसी, एकच झोन: शून्य.

रक्कम छोटी वाटेल. पण डेव्ह, स्टेजिंग, प्रॉडक्शन असे तीन सेट आणि प्रत्येकात दोन-तीन झोनमध्ये नॅट गेटवे धरला, की नुसतं तासाचं भाडंच दोन-तीनशे डॉलरच्या घरात जातं. चार जणांच्या स्टार्टअपला ही रक्कम जाणवते.

मग कुठला रस्ता निवडायचा?

नवीन सुरुवात करत असाल तर क्लस्टर आणि डेटाबेस एकाच व्हीपीसीमध्ये, पण वेगळ्या सबनेटमध्ये ठेवा. डेटाबेसच्या सबनेटला इंटरनेटकडे जाणारा रूटच देऊ नका. याहून सोपं आणि स्वस्त काही नाही.

व्हीपीसी आधीच दोन असतील तर पीअरिंग. ही म्हणजे शेजारच्या दोन सोसायट्यांनी कंपाउंडच्या भिंतीत पाडलेलं छोटं गेट. याच्या तीन अटी लक्षात ठेवा.

एक, दोन्हीकडचे आयपी पट्टे एकमेकांवर यायला नकोत. दोन्ही सोसायट्यांमध्ये फ्लॅट नंबर १०१ असेल तर पोस्टमनने पत्र कुठे टाकायचं? डिफॉल्ट व्हीपीसीचा पट्टा नेहमी १७२.३१.०.०/१६ असतो, त्यामुळे दोन डिफॉल्ट व्हीपीसी एकमेकांना जोडताच येत नाहीत.

दोन, गेट फक्त त्या दोघांपुरतं. अ आणि ब जोडलेत, ब आणि क जोडलेत, म्हणून अ मधून क मध्ये जाता येत नाही. पाच-सहा व्हीपीसी झाले की पीअरिंगचं जाळं सांभाळणं डोकेदुखी होते आणि तिथे ट्रान्झिट गेटवेचे पैसे वसूल होतात.

तीन, दोन्हीकडच्या रूट टेबलमध्ये एंट्री हवी. डेटाबेस 'पब्लिकली ॲक्सेसिबल' ठेवलेला असेल, तर पीअरिंगवरचा डीएनएस रिझोल्यूशनचा पर्यायही चालू करा. नाहीतर गेट पाडूनही ट्रॅफिक हायवेनेच जाईल.

प्रायव्हेटलिंक कधी? डेटाबेस दुसऱ्या कंपनीच्या अकाउंटमध्ये असेल, किंवा आयपी पट्टे जुळतच नसतील तेव्हा. इथे अख्खी सोसायटी जोडली जात नाही, एकाच सेवेपुरती खिडकी उघडते. पैसे थोडे जास्त जातात, पण समोरच्याला तुमच्या बाकीच्या नेटवर्कमध्ये पाऊल ठेवता येत नाही. आरडीएससमोर लोड बॅलन्सर लावून हे करत असाल, तर फेलओव्हर झाल्यावर डेटाबेसचा आयपी बदलतो. तो लोड बॅलन्सरला कळवायची सोय आधीच करून ठेवा.

झोनचा छुपा खर्च

पॉड्स तीन झोनमध्ये पसरलेले आणि डेटाबेसचा प्रायमरी एकाच झोनमध्ये, तर साधारण दोन तृतीयांश ट्रॅफिक झोन ओलांडणार. यावर उपाय म्हणून सगळे पॉड्स एकाच झोनमध्ये कोंबू नका. तो झोन पडला तर सगळंच पडेल. रात्री रिपोर्ट काढणारे किंवा मोठ्या प्रमाणात डेटा उचलणारे जॉब तेवढे नोड ॲफिनिटी वापरून डेटाबेसच्या झोनमध्ये ठेवा. वेबचे पॉड्स पसरलेलेच राहू द्या. दोन अकाउंट असतील तर झोनचं नाव नाही, झोनचा आयडी बघा, कारण एकाच नावाचा झोन दोन अकाउंटमध्ये वेगवेगळा असू शकतो.

जाता जाता अजून एक. कंटेनर इमेज ईसीआरमधून ओढताना तिचे लेयर एसथ्रीमधून येतात. एसथ्रीचा गेटवे एंडपॉइंट फुकट आहे. तो लावला की हे सगळं वजन नॅट गेटवेवरून उतरतं.

खासगी म्हणजे सुरक्षित नव्हे

आतला रस्ता मिळाला म्हणजे कुलूप नको, असं नाही. डेटाबेसच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये आयपी पट्ट्याऐवजी क्लस्टरच्या नोड्सचा सिक्युरिटी ग्रुप सोर्स म्हणून द्या. एका रीजनमधल्या पीअरिंगवरही हे चालतं. त्याहून काटेकोर हवं असेल तर ईकेएसमध्ये ठरावीक पॉड्सना स्वतंत्र सिक्युरिटी ग्रुप देता येतो.

टीएलएस चालूच ठेवा. आरडीएस पोस्टग्रेसच्या १५ आणि पुढच्या आवृत्त्यांमध्ये ते डिफॉल्टने सक्तीचं आहे. कुबरनेटीसमध्ये एक्स्टर्नलनेम प्रकारची सर्व्हिस बनवून डेटाबेसला छोटं नाव देणं सोयीचं पडतं, पण सर्टिफिकेटवर आरडीएसचं मूळ नाव असतं. त्यामुळे नावाची पूर्ण पडताळणी चालू असेल तर कनेक्शन नाकारलं जाईल. अशा वेळी मूळ एंडपॉइंट कॉन्फिगमॅपमध्ये ठेवलेला बरा.

भारतातल्या ग्राहकांचा डेटा सांभाळत असाल तर २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदाही विसरू नका. वाजवी सुरक्षा न ठेवल्यामुळे डेटा फुटला, तर त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जगाला उघडा ठेवलेला ५४३२ पोर्ट 'वाजवी सुरक्षा' म्हणून समजावून सांगणं कठीण जाईल.

कनेक्शनची गर्दी

पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस चालवतं. १० पॉड आणि प्रत्येकाचा २० कनेक्शनचा पूल म्हणजे २०० कनेक्शन. ऑटोस्केलरने पॉड ३० केले की ६००. आरडीएसवर २ जीबी मेमरीच्या इन्स्टन्सची मर्यादा २००च्या आसपासच असते. लोक अशा वेळी मोठा इन्स्टन्स घेतात, पण आधी क्लस्टरमध्येच पीजीबाउन्सर लावून बघा. तो फुकट आहे. फक्त ट्रान्झॅक्शन मोडमध्ये लिसन-नोटिफायसारख्या सेशनला धरून चालणाऱ्या गोष्टी चालत नाहीत, हे तपासून घ्या. सांभाळायला माणूस नसेल तर आरडीएस प्रॉक्सी आहे, पण त्याला किमान दोन व्हीसीपीयूचं भाडं लागतं, म्हणजे महिन्याला सुमारे २२ डॉलर.

सोमवारी काय करायचं?

आधी पॉडमधून एनएसलुकअप. मग सिक्युरिटी ग्रुपमध्ये ०.०.०.०/० कुठे आहे का ते बघा. त्यानंतर कॉस्ट एक्स्प्लोररमध्ये नॅट गेटवेच्या बाइट्सची ओळ काढा. खासगी रस्ता आधी तयार करा, तो चालतोय याची खात्री करा आणि मगच 'पब्लिकली ॲक्सेसिबल' बंद करा. हा क्रम उलटा केला तर ॲप बंद पडेल. नीट क्रमाने केलं तर बाहेर कोणाला काही कळणारही नाही, फरक फक्त पुढच्या महिन्याच्या बिलात दिसेल.